पात्यावरून जाणारी फळी : रंधा मशीनच्या सुरक्षित वापराची प्रस्तावना

हातरंध्यात पाते लाकडावरून फिरते. रंधा मशीनमध्ये लाकूड पात्यावरून जाते. यंत्राचा सगळा फायदा आणि सगळा धोका या एका उलटापालटीत आहे. हातरंध्याचे पाते ठोकळ्याच्या पोटात दडलेले असते, सुताराचे दोन्ही हात त्याच्या वर असतात आणि हात थांबले की पातेही थांबते. यंत्रात मात्र पाते टेबलाच्या फटीतून वर तोंड करून फिरत राहते. हात थांबला काय, घसरला काय, त्याच्या फेऱ्यांत फरक पडत नाही. आणि फळी पुढे नेणारा हात त्या फटीच्या दिशेनेच सरकत असतो.

उल्हास नदीच्या खोऱ्यात हे यंत्र घराघरातल्या खाटा-कपाटांशी जोडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि बराकींच्या आसऱ्याने जे छोटे उद्योग उभे राहिले त्यांतला एक फर्निचरचा. आजही उल्हासनगरचा फर्निचर बाजार ठाणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या अंबरनाथला यंत्राने लाकूड कापण्याची परंपरा त्याहूनही जुनी. विम्कोच्या आगपेटी कारखान्यात ओंडके सोलून काड्या पाडण्याचे काम १९२०च्या दशकात सुरू झाले. अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी लाकडाचे काम बहुतेक वेळा आडवाटेने येते. माल पाठवायला खोकी लागतात, जड यंत्राखाली लाकडी बैठक लागते, कचेरीला टेबल लागते. त्यामुळे रंधा मशीन जसे सुताराच्या गाळ्यात असते तसेच एखाद्या कारखान्याच्या कोपऱ्यातही असते, आणि कोपऱ्यातल्या यंत्राकडे लक्ष सर्वांत कमी जाते.

यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिला सरफेस प्लेनर, ज्याला कारागीर नुसते ‘रंधा’ म्हणतात. त्याची दोन टेबले, मध्ये फट, फटीत फिरणारा, पाती बसवलेला कटर ब्लॉक आणि बाजूला उभी फेन्स. फळीची एक बाजू सपाट करणे आणि त्या बाजूशी कड गुण्यात आणणे, हे त्याचे काम. दुसरा थिकनेस प्लेनर; त्यात पाते वर असते, फळी खालून जाते आणि रोलर तिला ओढून नेतात. फळी सर्वत्र सारख्या जाडीची करणे, एवढेच तो करतो. पीळ असलेली फळी थेट थिकनेसमध्ये घातली तर रोलर तिला दाबून तात्पुरती सरळ करतात आणि बाहेर पडल्यावर ती पुन्हा पिळाची होते, फक्त आधीपेक्षा पातळ. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी रंध्यावर एक बाजू आणि एक कड, मग थिकनेस. जागा आणि पैसा वाचवण्यासाठी दोन्ही कामे एकाच ब्लॉकवर करणारी कॉम्बाइन यंत्रे लहान गाळ्यांत जास्त दिसतात, आणि त्यांचा स्वतःचा एक वेगळा धोका आहे.

वेगाचा अंदाज आल्याशिवाय पुढचे काहीच पटत नाही. १०० मिलिमीटर व्यासाचा ब्लॉक मिनिटाला ५००० फेऱ्या घेत असेल, तर पात्याची धार सेकंदाला सुमारे २६ मीटर, म्हणजे ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास धावते. ब्लॉकवर तीन पाती असली तर एका सेकंदात २५० काप पडतात. धक्का बसल्यावर माणसाला हात मागे घ्यायला सेकंदाचा निदान पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात पन्नास काप पडून गेलेले असतात. ‘आपला हात चपळ आहे’ हा विश्वास या यंत्रापुढे टिकत नाही. करवतीने तुटलेले बोट काही वेळा शस्त्रक्रियेने जोडता येते. रंध्यावर बोट तुटत नाही, तासले जाते, आणि जोडण्यासारखे बहुधा काही उरत नाही.

हा धोका पूर्वी याहूनही मोठा होता. जुन्या यंत्रांतला ब्लॉक चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजू टेबलाच्या ओठासमोर येत तेव्हा मोठी पोकळी उघडे. त्यात गेलेले बोट खोल ओढले जाई आणि पुष्कळदा पंजाच जाई. गोल ब्लॉकमध्ये ही पोकळी राहत नाही. पात्याची धार ब्लॉकच्या पृष्ठभागापासून जेमतेम एक मिलिमीटर बाहेर डोकावते, त्यामुळे इजा झालीच तरी ती उथळ राहण्याची शक्यता वाढते. युरोपीय मानकांत हे डोकावणे १.१ मिलिमीटरपर्यंत मर्यादित केले आहे. ब्रिटनच्या १९२२च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी हाताने फळी सरकवण्याच्या रंध्यावर गोल ब्लॉक सक्तीचा केला, आणि भारतातल्या कारखाने नियमांतही हीच अट आली. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या यंत्रात कोणता ब्लॉक आहे हे विकत घेण्याआधी फट उघडून पाहावे. चौकोनी असेल तर ते यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी महागच आहे.

अपघात बहुतेक वेळा एकाच रीतीने घडतो. फळी पुढे सरकत असते, हाताचा जोर पुढे आणि खाली असतो. पात्यापुढे गाठ येते, तंतू उलटे वळलेले असतात, किंवा काप जास्त खोल असतो. फळी अडते आणि झटक्याने मागे किंवा वर उडते. ज्या लाकडावर हात रेललेला होता ते खालून निघून जाते. जोर मात्र हातात तसाच असतो, आणि हात उघड्या फटीवर पडतो. या साखळीत कामगाराचा निष्काळजीपणा कुठेच असावा लागत नाही. वीस वर्षे अनुभव असलेल्या मिस्त्रीच्या फळीतही गाठ निघते. म्हणून उपाय असा हवा की फळी उडाली तरी हात पडण्याच्या जागी पाते उघडे नसावे.

तो उपाय म्हणजे ब्रिज गार्ड. फटीच्या आडवा, पुलासारखा असणारा हा भक्कम पट्टा फटीची पूर्ण लांबी-रुंदी झाकण्याएवढा असावा, वरखाली आणि आडवा सहज सरकावा, आणि हात आदळला तरी वाकून पात्याला लागू नये. फळी आडवी, रुंद बाजूवर रंधायची असेल तेव्हा गार्ड फेन्सपर्यंत पूर्ण सरकवून फळीच्या जाडीपेक्षा किंचित वर ठेवायचा. फळी गार्डखालून जाते आणि हात गार्डवरून. कड रंधायची असेल तेव्हा गार्ड टेबलालगत खाली आणून फळी आणि गार्ड यांच्यात १० मिलिमीटरहून कमी फट ठेवायची. दोन्ही वेळा लाकूड जेथे नाही तेथे पाते दिसताच कामा नये. फेन्स पुढे घेतल्यावर तिच्या मागे ब्लॉकचा जो भाग उघडा पडतो तोही झाकावा लागतो. हे सर्वांत जास्त विसरले जाते, कारण तो भाग समोरून दिसत नाही. पण भुसा झाडायला मागून गेलेला पोऱ्या नेमका तेथेच हात टेकतो.

गार्ड काढून ठेवण्यामागे दोन कारणे सांगितली जातात: काम मंदावते आणि पाते दिसत नाही. पहिल्यात थोडे तथ्य आहे. प्रत्येक नव्या जाडीला गार्ड लावायला काही सेकंद जातात, आणि दिवसभर नगावर काम करणाऱ्याला ते सेकंद जाणवतात. एकसारख्या मापाचा माल एकत्र करून रंधला की हा वेळ पुष्कळसा वाचतो. दुसरे कारण मात्र चुकीच्या समजुतीतून येते. रंध्यावर पाहायचे असते ते फळी पुढच्या टेबलावर नीट टेकली की नाही आणि फेन्सला चिकटून चालली की नाही. फटीत डोकावून कळण्यासारखे काही नसते; काप बिघडला की ते आवाजावरून आधी कळते.

टेबलांची जुळणी कामाच्या दर्जासाठी करतात, पण हाताची सुरक्षाही तिच्यावरच उभी असते. पुढचे, म्हणजे फळी जिथे बाहेर पडते ते टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या बिंदूशी अगदी समपातळीत हवे. मागचे टेबल तेवढ्याने खाली, जेवढा काप घ्यायचा. पुढचे टेबल उंच राहिले तर फळी त्याच्या ओठाला अडते आणि कामगार जोर लावून ती ढकलतो. रंध्यावर जोर लावावा लागणे ही धोक्याची पहिली खूण आहे. खाली राहिले तर फळीचे शेपूट पात्यात बुडते. पातळी तपासण्याची जुनी पद्धत सोपी आहे. वीज तोडून एक सरळ लाकडी पट्टी पुढच्या टेबलावरून फटीवर आडवी ठेवायची आणि ब्लॉक हाताने फिरवायचा. प्रत्येक पात्याने पट्टीला नुसता स्पर्श करून दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यावे, आणि सर्व पात्यांनी सारखेच न्यावे. एका वेळचा काप एक-दोन मिलिमीटरचा पुरतो. जास्त काढायचे असेल तर फळी पात्यावरून दोनदा न्यावी.

बोथट पाते धारदार पात्यापेक्षा जास्त घातक असते. ते लाकूड कापत नाही, ठोकते. फळी थरथरते, जोर वाढतो आणि झटक्याची शक्यताही. पावसाळ्यात उल्हास खोऱ्यातल्या दमट हवेने टेबलावर गंज धरतो आणि फळी चिकटून चालते, तेव्हाही हेच होते. टेबल घासून त्यावर मेणाचा हात फिरवला की फळी हलक्या दाबाने सरकते; दहा मिनिटांचे हे काम फार कमी गाळ्यांत होते, आणि ते सर्वत्र व्हायला हवे.

फळी रंध्यावर चढवण्याआधी हातात घेऊन वाचावी लागते. वाक असेल तर पोकळ बाजू खाली, म्हणजे फळी दोन टोकांवर टेकते आणि डुलत नाही. तंतू पात्याच्या फिरण्याच्या दिशेला उतरत जातील अशी फळी धरावी. उलट धरली तर तंतू उपटले जातात आणि धक्के बसतात. सैल गाठ असलेली किंवा टोकाला चिरलेली फळी आधी कापून घ्यावी, कारण पात्याच्या माऱ्याने सुटलेला तुकडा गोफणीतल्या दगडासारखा येतो. पाडकामातून निघालेल्या जुन्या सागवानाला चांगली मागणी असते. ते पक्के मुरलेले, पण त्याच्या पोटात खिळे असतात आणि काही खिळ्यांची डोकी गंजून लाकडात नाहीशी झालेली असतात. चुंबक किंवा साधे धातुशोधक यंत्र फिरवल्याशिवाय असे लाकूड पात्यावर नेऊ नये. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन लाकूड पुन्हा वापरताना तर एका फळीत दहा-दहा पिना निघतात.

आता हातांची चाल. उभे राहायचे ते टेबलाच्या बाजूला, फळीच्या सरळ रेषेत मागे नव्हे. सुरुवातीला दोन्ही हात मागच्या टेबलावरच्या फळीवर. फळीचे टोक गार्डखालून पुढच्या टेबलावर आले की डावा हात गार्ड ओलांडून त्या टोकावर जातो आणि दाब तिकडे वळतो. मग उजवा हातही तसाच पलीकडे येतो. पात्याच्या नेमक्या वर दाब कधीच द्यायचा नाही. बोटे फळीच्या वर एकत्र मिटलेली असावीत. अंगठा फळीच्या मागच्या टोकाला अडकवून ढकलण्याची सवय अनेकांना असते, आणि फळी पात्यापार होते तेव्हा तो अंगठा फटीजवळ पोहोचलेला असतो. फूटभराहून आखूड तुकडा नुसत्या हाताने रंध्यावर नेऊच नये. त्यासाठी मागे टाच असलेला आणि वर पक्की मूठ असलेला ठोकळा करून यंत्राशेजारीच खिळ्याला टांगावा. दोन चौकटींसाठी लागणारे सहा इंचांचे तुकडे हवे असतील तर लांब फळी आधी रंधून मग कापावी. इतका साधा क्रम बदलला की धोक्याचे कामच उरत नाही.

थिकनेस प्लेनरमध्ये हात पात्यापासून दूर असतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. त्याचा धोका फळी उलटी फेकण्याचा. फळी जिथून आत जाते तिथे लोंबणारी अडकण-बोटे ही फेक रोखतात. डिंक आणि भुशाने ती जाम झाली की नुसती शोभेची उरतात. रोज सकाळी प्रत्येक बोट उचलून ते आपल्या वजनाने खाली पडते का हे पाहावे. वेगवेगळ्या जाडीच्या दोन फळ्या शेजारी-शेजारी घातल्या तर रोलर जाड फळीवर टेकतो आणि पातळ फळी मोकळी राहून मागे उडते. तुकड्यातुकड्यांचा रोलर नसेल तर एका वेळी एकच फळी. दोन रोलरांमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा आत घातला तर तो मध्येच अडकतो, त्याला कोणताच रोलर धरत नाही आणि पाते त्याला खेळवत राहते. फळी अडकली तर वाकून आत पाहायचे नाही, हात घालायचा नाही. वीज बंद, ब्लॉक थांबेपर्यंत धीर, मग टेबल खाली. कॉम्बाइन यंत्रावर थिकनेसचे काम चालू असताना वरच्या बाजूला तोच ब्लॉक फिरत असतो. लक्ष खाली असते आणि फट वर उघडी राहते. तिच्यावर पूर्ण झाकण असल्याशिवाय थिकनेस चालवू नये.

विजेच्या बाजूला सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टार्टर. साध्या खटक्यावर चालणारे यंत्र वीज गेली की थांबते आणि आली की आपोआप सुरू होते. वीज गेल्यावर कामगार वेळ फुकट का घालवायचा म्हणून फटीतला भुसा काढू लागतो, आणि त्याच वेळी वीज येते. वीज गेल्यावर स्वतः सुटणारा आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर हा धोका पूर्णपणे संपवतो. लाल बटण उभ्या जागेवरून, लाकडावरचा एक हात न काढता, गुडघ्याने किंवा दुसऱ्या हाताने दाबता येईल असे हवे. बटण दाबल्यावरही ब्रेक नसलेला ब्लॉक बराच वेळ फिरत राहतो. आवाज विरला म्हणजे तो थांबला असे नाही. ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यामुळे मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास फिरणारा ब्लॉक तिच्या उजेडात थांबल्यासारखाही दिसू शकतो. यंत्रावर वेगळा, न लुकलुकणारा दिवा असावा. नदीकाठच्या भागात आणखी एक काळजी आहे. २६ जुलै २००५च्या पुरात बदलापूर-उल्हासनगर परिसरात उल्हासचे पाणी घराघरांत शिरले होते. पाण्यात बुडालेली मोटर बाहेरून कोरडी दिसली तरी मेगर लावून तिचे इन्सुलेशन आणि यंत्राचे आर्थिंग तपासल्याशिवाय सुरू करू नये.

अंगावरचे कपडे घट्ट आणि बाह्या कोपरापर्यंत. गळ्यातला गमछा, मनगटाचे कडे, बोटातली अंगठी, मंतरलेला दोरा हे सर्व कामापुरते बाजूला. हातमोजे इथे संरक्षण देत नाहीत. पात्यात अडकलेला मोजा हात आत ओढतो. पायाखालचा भुसा आणि सालींसारखे छिलके गुळगुळीत जमिनीवर घसरवतात, म्हणून यंत्राभोवतीची जागा दिवसातून अनेकदा झाडावी, आणि चपलेऐवजी बंद बूट घालावेत.

जे लगेच दिसत नाही त्याकडे दुर्लक्ष होते. रंध्याचा आवाज ९० डेसिबलच्या पलीकडे जातो आणि वर्षानुवर्षे ऐकला की आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. कानांत बोळे किंवा वरून कर्णरक्षक घालणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. भुशाची गोष्ट अधिक गंभीर आहे. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रोगी पुन्हा पुन्हा सुतारकामातूनच येतात. त्यावरचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला, आणि १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली. रंध्याचे छिलके जाड असतात. सर्वांत बारीक धूळ पॉलिशकाम आणि सँडिंगमधून येते. पण एकाच बंद गाळ्यात दोन्ही कामे चालतात तेव्हा श्वास एकच असतो. उल्हासनगर हेही फर्निचरचे गाव आहे, आणि हाय विकमची गोष्ट इथल्या प्रत्येक गाळ्यात माहीत असायला हवी. यंत्राच्या तोंडाशी धूळ ओढणारा पंखा बसवणे हा खरा उपाय. नाकावर बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

कायद्याने यातले बरेच काही आधीच सांगितले आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या २१व्या कलमाने धोक्याच्या भागांना कुंपण सक्तीचे केले, २३व्या कलमाने पुरेशा शिक्षणाशिवाय अल्पवयीन कामगाराला धोक्याच्या यंत्रावर उभे करण्यास मनाई केली, आणि त्याखालच्या नियमांत ब्रिज गार्ड, गोल ब्लॉक, हाताशी असलेले स्टार्टर, मोकळी व सपाट जमीन या बाबी नावानिशी आल्या. आता हा कायदा २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेत सामावला आहे. अडचण अशी की वीज वापरणाऱ्या ठिकाणी मुळातच दहा कामगारांची मर्यादा होती, आणि चार माणसांचा सुतारी गाळा तिच्या बाहेर राहतो. निरीक्षक तिथे येत नाही. नुकसानभरपाईचा १९२३चा कायदा मात्र लहान गाळ्यालाही लागू होता आणि त्याच्या परिशिष्टात हाताची किंमत टक्क्यांत लिहिली होती: अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. सुताराच्या बाबतीत हे आकडे फार कमी आहेत. अंगठ्याशिवाय पटाशी धरता येत नाही.

म्हणून नव्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी गाळ्यातल्या मिस्त्रीवर येते, आणि तिला क्रम हवा. पहिले काही दिवस यंत्र बंद ठेवून, वीज तोडून, थांबलेल्या ब्लॉकवरून फळी नेण्याचा सराव. हात कुठे, पाय कुठे, गार्ड केव्हा सरकवायचा. मग गार्ड लावणे आणि टेबलाची पातळी तपासणे. त्यानंतर दोन-अडीच फूट लांब, सरळ, गाठ नसलेल्या फळीची रुंद बाजू, शेजारी मिस्त्री उभा असताना. कड रंधणे त्याच्या पुढे, थिकनेस त्यानंतर. आखूड तुकडे आणि ठोकळ्याचा वापर सर्वांत शेवटी. पाती बदलणे हे वेगळे शिक्षण आहे. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचे, ब्लॉक लाकडी पाचरीने अडवायचा, पात्यावर चिंधी गुंडाळून ते काढायचे, नवी पाती एकाच वजनाची आहेत हे तराजूवर पाहायचे, पाते धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. मग ब्लॉक हाताने पूर्ण फिरवून कुठेही घासत नाही याची खात्री करायची, अवजारे मोजून पेटीत ठेवायची, गार्ड जागेवर बसवायचा, आणि फ्यूज लावून यंत्र एक मिनिट रिकामे चालवायचे. त्या मिनिटात कोणीही फटीच्या रेषेत उभे राहत नाही.